दोनदा दात घासून दिलेला बेडका

बाबांना पुरावा लागे. शेजारी 'आज उकडतंय' म्हणाले तरी हे आधी थर्मामीटर बघणार. गणिताचे निवृत्त मास्तर! दहा वर्षं खोकत होते, छातीत शिट्टी वाजे, कर्वेनगरच्या आमच्या दोन जिन्यांत तीनदा टेकत. पण डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप ओढायला तयार नाहीत. पंप म्हणजे म्हणे व्यसन. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, बेडका तपासा, त्यात अमुक पेशी निघाल्या तर पंप नक्की लागू पडेल. निघाल्या तर ओढीन, असं बाबांनी कबूल केलं.

तपासणार मीच. वीस वर्षं लॅबमध्ये निम्म्या कर्वेनगरचा बेडका मी बघतेय.

पहिली डबी आली. काय सांगू! दोनदा दात घासून, गुळण्या करून, लॅबची डबी साबणाने धुऊन बाबांनी तीत स्वच्छ थुंकी पाठवली होती. वर मोत्यासारख्या अक्षरात नाव, वार, वेळ. काचेवर गालाच्या पेशींखेरीज काही नाही. छातीतलं हवं, म्हटलं. तर म्हणे, लोकांच्या हातात घाण कशी द्यायची? मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी त्यांना लॅबमध्येच बसवून खोकायला लावलं. लाजत लाजत एक चिकट गोळा दिला. रंगवून भिंगाखाली धरला, तर नुसती जत्रा: डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या लाल दाण्यांच्या पेशी, टोकदार स्फटिक आणि कफाचे पिळदार धागे. अस्सल दमा. पण माझ्या शब्दावर विश्वास कुठला? म्हटलं, बसा, स्वतःच बघा.

बराच वेळ बघत राहिले. मग खूश होऊन म्हणाले, "काय सुबक वात वळलीय! तुझी आई देवासाठी वाती अशाच वळायची."

भिंगावरून डोळा काढला नाही. तसेच म्हणाले, "तिचाही खोकला असाच होता. तिचा कधी तपासला होतास?"

नाही, म्हटलं.

आई खोकत खोकतच गेली. बाबांसारखा पुरावा तिला मागता येत नव्हता. पाहुण्यांसमोर खोकू नकोस, गरम पाणी पी, एवढंच बाबा तिला सांगत. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा.

बाबांनी खिशातून पंप काढला आणि कसा ओढायचा ते विचारलं. मी दाखवलं.

आई ओट्याशी खोकत असायची आणि मी डबा उचलून लॅबला निघायचे. निघताना मीही तिला गरम पाणीच प्यायला सांगायचे.