डावीकडे ढकलली की उजवीकडे

कडावच्या ललितानं चाळिशीत लॅबचा कोर्स केला, तेव्हा वर्गात पोरी ढीगभर आणि मायक्रोस्कोप एकच होता. तिचा नंबर यायचा तोवर बाईंनी काचपट्टी लावून ठेवलेली असायची. डोळा लावायचा, "दिसलं" म्हणायचं, बाजूला व्हायचं. पास झाली, पण कागदावर.

आता कर्जतच्या बाजारातल्या, रक्त तपासायच्या लॅबवाल्या सिद्रा मॅडमनी तिला एक दिवस अजमावायला बोलावलं होतं.

"दुपारच्या चहापर्यंत एक पांढरी पेशी मधोमध आणून दाखवा, ललिताताई. जमलं तर काम तुमचं. नाहीतर उद्या दुसरी मुलगी बघायची आहे."

ललितानं डोळा लावला. "मॅडम, काळा लांबडा किडा हाय."

"ती तुमची पापणी आहे. जरा मागे व्हा."

काउंटरवर बसलेले मॅडमचे वडील अबूबकरचाचा हसले. "आमच्या सिद्रानं पहिल्या दिवशी चार काचा फोडलेल्या."

"तीन, अब्बा."

पापणी हटली तशा गुलाबी टिकल्या दिसल्या, आणि डाव्या कडेला एक जांभळी.

"पांढरी म्हनता, नि ही तर जांभळी?"

"रंग चढवलाय तिला."

"म्हंजे हळदीची नवरी."

पण नवरी मधे येईना. ललिता बाजूचं बटण फिरवून काचपट्टी उजवीकडे सारायची, की ती आणखी डावीकडे जाऊन गायब. पुन्हा शोधायची, पुन्हा तेच. मान अवघडली. तिकडे चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

"शेळी हाय का काय ही. बोलवलं की पळती."

"भिंगातून सगळं उलटं दिसतं, ताई. पट्टी डावीकडे ढकला, ती उजवीकडे येईल."

ललिता थांबली. घरच्या ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना हेच तर असतं. ट्रॉलीचं ढुंगण डावीकडं न्यायचं, तर स्टेअरिंग उजवीकडं. सासरे कोंडाजी शिकवताना ओरडायचे, "इचार करू नको गं, हाताला करू दे."

तिनं विचार सोडला. जांभळा ठिपका सरकत सरकत मधोमध येऊन बसला. मग वरचं मोठं भिंग फिरवताना ते काचेला घासत नाही ना, हे तिनं बाजूनं वाकून पाहिलं, आणि फक्त बारीक बटण हलवलं. धुरकट डाग उघडला. आत गडद जांभळं बी, भोवती फिकट निळं पाणी. नंबरात उभं राहून तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं.

मॅडमनी डोळा लावला. "दुसरी आणा."

दुसरी लगेच आली.

"उद्या सातला या. उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची तेव्हाच गर्दी असते."

ललितानं नवऱ्याला फोन लावला. "अवो, उद्यापासून म्हस तुमीच पिळायची."

"मला कुठं येतंय? लाथ मारंल ती."

"मग जरा जपून बसा," म्हणत तिनं फोन ठेवला आणि थंड होत चाललेला चहा एका घोटात संपवला.