दादाच्या लॅपटॉपवर माझा कारभार

ज्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, त्याच्याकडं किस्से आपोआप साचतात. त्यात तो आठवीतून शाळा सोडलेला असला, तर साठवायला जागा पुरत नाही!

हा जुना लॅपटॉप दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. दोन महिन्यांपूर्वी दादा गेला. आमच्या बोरी गावात लिनक्स चालवणारा तो एकटाच. आता मी चालवतो. म्हणजे लिनक्स मला चालवतं.

*

पहिल्याच दिवशी त्यानं पासवर्ड मागितला. दादाच्या वहीत होता. टाईप केला, तर पडद्यावर एक अक्षर उमटेना. बटणं मेली! लॅपटॉप उलटा करून झटकला, फुंकला, शेवटी एसटीनं जिंतूर गाठलं. दुरुस्तीच्या दुकानात सलीमभाई हसले.

"इथं पासवर्ड टाईप करताना दिसत नसतो, मियाँ. लिही आन एंटर मार."

मारलं. चाललं!

"आन एक," ते म्हणाले, "अक्षरं मोठ्यानं म्हणत टाईप करू नको. आता अख्ख्या दुकानाला पाठ झाला."

*

तेव्हाच ते म्हणाले, "विंडोज टाकून देऊ का? जुनं सगळं पुसलं जाईल फक्त."

फक्त! दादाचं जे काही उरलंय, ते त्यातच. मी लॅपटॉप छातीशी धरला, पळत सुटलो आणि समोर दिसली त्या एसटीत चढलो. गाडी येलदरी धरणाची निघाली. चार्जर दुकानातच राहिला. धरण बघून चार्जर न्यायला परत आलो.

*

शेजारचे माणिककाका सातबारा काढायला आले. "दादा लय पटकन काढून द्यायचा रे."

"मग मी काय मेलोय का?" म्हणालो आणि जीभ चावली.

प्रिंट दाबलं, काही होईना. रागानं दाबतच राहिलो. शेवटी काकांनीच प्रिंटरची वायर लावली. धडाधड चौदा कागद!

काका म्हणाले, "एवढी जमीन तर आमच्या अख्ख्या भावकीला न्हाई!"

*

परवा सकाळी सातला लॅपटॉपनं विचारलं, अपडेट करायचं का? वाचायचा कंटाळा. हो दाबलं. पडदा काळा पडला, तो तासभर काळाच. आई चुलीपाशी होती. तिला काय सांगू? दादाला मीच पुसलं होतं. तोंडावर हात धरून रडत बसलो.

आठ वाजले आणि त्या काळ्या पडद्यातून दादाचा आवाज आला. रोज आठला वाजेल असा त्यानंच भरून ठेवलेला. सकाळी मी लॅपटॉप कधी उघडलाच नव्हता.

"आई, बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली की रे!" चुलीपासून आई म्हणाली.

मग उठली, डबा उघडला आणि घाईघाईनं गोळी गिळली.