तीन घोड्यांचा बंब

माझ्याकडे आता एकच अमेरिकन वस्तू उरली आहे, आणि ती अमेरिकन नाही. ओतीव लोखंडाचा, खेळण्यातला आगीचा बंब आहे तो. पुढे उधळलेले तीन घोडे, मागे पाण्याची टाकी, मध्ये लगाम धरून बसलेला चिमुकला गाडीवान. लाल रंग बराचसा उडालाय. इंग्लंडातल्या स्लाऊच्या माझ्या फ्लॅटमध्ये तो खिडकीशी असतो. बाकीचं सगळं मी देऊन टाकलं.

मी इथे आले दोन हजार एक साली, कामाच्या व्हिसावर. कोल्हापुरातल्या आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, ते चौथीपर्यंत शिकलेले. ओतकामाच्या कारखान्यात मोल्डर होते. काळ्या वाळूत साचे काढायचे आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा, बत्तीस वर्षं हेच काम. हे मात्र मी फारसं कुणाला सांगत नसे.

मेडनहेडजवळच्या एका शेतात रविवारी सकाळी बूट सेल भरायचा. लोक गाडीचा बूट, म्हणजे आपली डिकी, उघडून घरातली अडगळ विकायला मांडतात. ऑफिसातल्या एकीबरोबर मी पहिल्यांदा गेले ती पातेली बघायला. तिथे एक जुनी इस्त्री हाताला लागली. उलटी केली तर तळाशी उठावाची अक्षरं होती, अमेरिकेतल्या कुठल्याशा गावाचं नाव. मी त्यावरून बोट फिरवलं. आण्णा म्हणायचे, मोल्डरची परीक्षा अक्षरात असते. वाळू जरा ढिली राहिली की अक्षर फुटतं. एकही अक्षर फुटलेलं नव्हतं. घेतली.

मग ते वेडच लागलं. मक्याच्या कणसांचे खळगे असलेला तवा, सफरचंदं सोलायचं यंत्र, गरम भांडी ठेवायच्या नक्षीदार तिवया. विकणारे सांगायचे की अमेरिकन हवाई दलातली कुटुंबं इथल्या तळांवर राहायची आणि परत जाताना जड सामान टाकून जायची. इंग्रजांना त्या लोखंडाचं विशेष कौतुक नव्हतं. मला होतं. का, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी इतिहास, डिझाइन असलं काहीतरी ऐकवलं असतं. त्यावरची पुस्तकं आणून वाचली, वह्या भरल्या. ब्रिस्टलमध्ये अशाच वस्तू जमवणाऱ्या दहा-बारा जणांचा गट होता. दर तीन महिन्यांनी एका चर्चच्या हॉलमध्ये जमायचे. त्यात मी एकटी भारतीय आणि एकटीच पन्नाशीच्या आतली. पण मी बोलायला लागले की सगळे ऐकायचे. ऑफिसात मीटिंगमध्ये मला तोंड उघडायलासुद्धा मिळत नव्हतं, त्या दिवसांतली ही गोष्ट.

बंब मी जुन्या वस्तूंच्या एका जत्रेतल्या विक्रेत्याकडून घेतला. शंभरेक वर्षांपूर्वीचा, म्हणाला. किती दिले ते सांगत नाही, आईलाही अजून सांगितलेलं नाही. गटात बातमी कळली आणि आमच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला: पुढच्या बैठकीत तुझाच बंब, तूच माहिती सांग.

त्याच उन्हाळ्यात आण्णा माझ्याकडे राहायला आले. आईनं विमानात बसायला साफ नकार दिला होता. ते रोज ट्रेडिंग इस्टेटपर्यंत, म्हणजे इथल्या एमआयडीसीपर्यंत, पायी जाऊन यायचे.

"एवढं कारखानं, आन् धूर कसा न्हाई गं कुठनं? हितं बनवत्यात तरी काय?"

"काही बनवत नाहीत आण्णा. खोकी ठेवतात नुसती."

"खोकी?" त्यांना ते फार वाईट वाटलं.

माझी कपाटं बघून आधी हसले. "एवढं शिकून, साता समुद्रापार येऊन भंगार गोळा कराय लागलीयास व्हय?" पण मग एकेक वस्तू हातात घेऊन खिडकीशी बसले. अंगठा फिरवायचे, डोळे मिटून. "रस हितनं सोडलाय बघ." "हितं वाळू जरा खचली हुती, पण सावरलंय गड्यानं." कणसांचा तवा हातात आला तेव्हा तर लहान मुलासारखे खूश. "दाण्याला दाणा चिकटला न्हाई. ह्यो मोल्डर हुशार हुता, पोरी." जो माणूस मरून कित्येक वर्षं झाली असतील, त्याचं ते शेजारी बसल्यासारखं कौतुक करत होते. घरी कामावरून आल्यावर ते कामाबद्दल कधी चकार शब्द काढत नसत. दोन दिवस आम्ही त्या खिडकीशीच होतो. इतक्या वर्षांत आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

बंब मी शेवटी काढला.

त्यांनी तो उचलला. घोड्याच्या पोटावरून, जिथे दोन अर्धुकं जोडलेली असतात तिथून, अंगठा नेला. पुन्हा नेला. उलटा केला, टाकीच्या आत बोट घालून चाचपलं. हसू मावळलेलं मला दिसलं.

"कुठनं घेतलंस हे?"

"का?"

"नक्कल हाय."

मी हसले. ते हसले नाहीत. समजावून सांगायला लागले. "अस्सल मालाचा सांधा असा नसतो, नख बी जात न्हाई त्यात. आन् अंगावर वाळू बघ किती जाडी उमटलीया. असल्या खेळण्यांचं काम आमच्याकडं बी आलं हुतं. मुंबईच्या पार्टीनं एक घोडा आणून दिला, म्हणाली ह्याच्यावरनंच साचं काढा. लोखंड निवताना आकसतं. पॅटर्न म्हंजी साच्याचा नमुना, त्यो करणारा त्येवढं धरून नमुना मोठा करतो. पण तयार मालावरनंच साचा काढला तर माल बारीक निघतोय. फुटाला ज्वारीचा एक दाणा. कवातरी अस्सल गावला तर शेजारी ठिऊन बघ."

बैठक चार दिवसांवर होती. माझं भाषण लिहून तयार होतं.

"आण्णा," मी म्हणाले, "मी ह्यावर पुस्तकं वाचलीत. ह्याची चित्रं आहेत पुस्तकात. तुम्ही चौथी शिकलेले. वाळू उपसण्यातलं कळत असेल तुम्हाला, ह्यातलं नाही कळत."

मी स्पष्ट बोलते असं लोक म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान होता. आण्णांनी बंब जपून टेबलावर ठेवला. "आसंल," म्हणाले. "तू शिकलीयास." मग उठून चहा ठेवायला गेले.

ब्रिस्टलला त्यांना घेऊन गेले, कारण घरी एकटं कसं ठेवायचं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून. माझं भाषण झालं. टाळ्या पडल्या. बंब हातोहात फिरला, कुणी शंका काढली नाही. मग अध्यक्षीणबाई आण्णांकडे वळल्या आणि मला म्हणाल्या, "तुझे वडील काय करायचे?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणत्यात?"

"काय करायचात विचारतायत."

"मोल्डर हुतो म्हण. लोखंड ओतायचो."

मी बाईंना सांगितलं, "ते इंजिनिअरिंगमध्ये होते."

इंजिनिअरिंग हा शब्द आण्णांना कळतो हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या कारखान्याच्या पाटीवरच होता तो. ते खाली बघायला लागले.

"मग त्यांना कसा वाटला बंब?" बाईंनी हौसेनं विचारलं. मी विचारलं. म्हणजे विचारावंच लागलं.

फुटका माल ज्यानं उभ्या आयुष्यात कधी चांगल्यात सरकवला नाही, त्यापायी मुकादमाशी भांडून जो एकदा दोन महिने घरी बसला, तो माणूस म्हणाला, "लई झ्याक हाय म्हण."

मी तसं सांगितलं.

नंतर चहा झाला. चहा द्यायचं काम गटातल्या सगळ्यात वयस्कर गृहस्थांकडे असायचं. कमी बोलणारे, उंच, वाकलेले. मी चारजणांच्या घोळक्यात कौतुक करून घेत होते. मधेच बघितलं तर आण्णा आणि ते गृहस्थ किटलीमागे उभे. दोघांनीही बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या आणि एकमेकांना हात दाखवतायत. गृहस्थ काहीतरी म्हणाले, आण्णांनी मराठीत उत्तर दिलं आणि दोघं हसले. इंग्रजी आण्णांना येत नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं. मी हाक मारली, "चला आण्णा, ट्रेन चुकेल."

ट्रेनमध्ये ते म्हणाले, "त्ये चहावालं म्हातारं बेस हाय."

"काय चाललं होतं तुमचं? भविष्य बघत होते की काय?"

"व्हय," आण्णा म्हणाले. "म्हणालं, लेक लई मोठी हुणार." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

बंबाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. जाताना विमानतळावर मात्र म्हणाले, "त्या तव्यांस्नी तेल लावत जा, गंजू दिऊ नको. बंबाला बी लाव. त्यो बी कुणीतरी ओतलाच हाय की."

दोन वर्षांनी हिवाळ्यात भावाचा फोन आला. आण्णांच्या छातीत बत्तीस वर्षांची वाळू साठली होती. मी पोचले तोवर सगळं झालेलं होतं. दिवसांना कारखान्यातले त्यांचे जुने सोबती आले. मांडी घालून ओळीनं बसले, आणि त्या सगळ्यांच्या हातांवर, पावलांवर मी तेच पांढरे डाग बघितले जे लहानपणापासून आण्णांच्या हातांवर बघत आले होते. रसाचे शिंतोडे उडून पडलेले डाग. मला वाटायचं, ते फक्त आण्णांनाच आहेत.

परत आल्यावर वर्षभर मी ब्रिस्टलला फिरकले नाही. मग एकदा गेले, घरात बसवेना म्हणून. बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं, तुझा बंब आण, जोडी जमणार आहे. गटात एक नवे सभासद आले होते, त्यांच्या अमेरिकन आजीच्या घरातून त्यांनी तसाच बंब आणला होता. आजी लहानपणी त्याच्याशी खेळलेली, तसा फोटोही होता. दोन्ही बंब शेजारी ठेवले. कुणीतरी म्हणालं, अगदी जुळे.

मी वाकून बघितलं. मागची चाकं एका रेषेत लावली. पुढे माझ्या घोड्यांची नाकं मागे पडली होती. दीड फुटाची गाडी, दीड दाणा.

आजीच्या घोड्याच्या पोटावरून मी अंगठा फिरवला. सांधा हाताला लागतच नव्हता. मग माझ्या घोड्यावरून फिरवला. डोळे मिटले तर कळतं. शाळेतलं पोरही सांगेल.

आण्णांनी ओतलेल्या घोड्यांतलाच हा एक, असं मी म्हणत नाही. जगात ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. पण कुणातरी तशाच माणसानं ओतलेला, एवढं नक्की.

मान वर केली तर ते चहावाले गृहस्थ शेजारी उभे होते. दोन बंबांकडे त्यांनी बघितलंही नाही, माझ्याकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं."

"त्यांना इंग्रजी येत नव्हतं."

त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट ताणून माझ्यासमोर धरलं, मग दोन्ही किंचित जवळ आणलं. लोखंड निवताना आकसतं तसं. "एवढं पुरतं," ते म्हणाले. "मग त्यांनी तुझ्याकडे बोट केलं, आणि ते बोट ओठांवर ठेवलं." मग बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे डाग होते. "मी पंधराव्या वर्षी फाउंड्रीत लागलो. त्यांनी आधी त्यांचे दाखवले, मग मी माझे."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी नको म्हटलं होतं ना."

हॉलमध्ये लोक बोलत होते, कपबश्या वाजत होत्या. मी इंग्रजीत सांगितलं, कुणालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "माझे वडील मोल्डर होते."

"हो," ते म्हणाले. "चांगले असणार. तू त्यांना पुन्हा घेऊन येशील म्हणून मी वाट बघत होतो, आमचं बोलणं अर्धंच राहिलं. कसे आहेत ते आता?"

मी सांगितलं.

त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. मागून कुणीतरी चहा मागितला, पुन्हा मागितला. ते वळले नाहीत. माझ्या बंबाच्या घोड्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि सांध्यावरून सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला.