फिश स्टिक्सच्या खोक्यातला कन्सोल

रोंडा स्टिडमचा गेम कन्सोल बंद पडला, तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी एकच सल्ला दिला : व्हर्ननकडे टाक. व्हर्नन हा टॅमीचा नवरा. टॅमी रोंडाच्या हाताखाली काम करते. कोळशाची खाण बंद झाल्यापासून व्हर्नन घरामागच्या गॅरेजमध्ये असली यंत्रं दुरुस्त करतो आणि ओळखीच्यांकडून बहुतेक वेळा नुसते सुट्या भागांचे पैसे घेतो.

"नको," रोंडा म्हणाली. "नवीनच घेईन म्हणते."

"नवीन? चारशे डॉलरचा?" टॅमीने हातातला ट्रे खाली ठेवला. "अगं, तू फॉइल धुऊन पुन्हा वापरणारी बाई. लॉटरी लागली की म्हातारा गाठलास कुणी?"

सगळ्या हसल्या. रोंडाने कॉर्नब्रेडचं पीठ चाळायला घेतलं.

सत्तावन्न वर्षांच्या बाईला गेम कशाला लागतो, हे इथे कुणी विचारत नाही. तिची बहीण ग्लेंडा नवऱ्याच्या नोकरीपायी मिशिगनला गेली, ती तिथलीच झाली. फोनवर दोघींचं बोलणं आजारपणावरून सुरू होऊन आईच्या घराच्या वाटणीवर यायचं आणि तिथे तुटायचं. मग ग्लेंडाच्या सुनेने दोघींना हा खेळ लावून दिला. त्यात एक शेत असतं, शेजारी तळं. रात्रीचं जेवण झालं की कानाला हेडफोन लावून दोघी आपापल्या घरून त्या तळ्यावर गळ टाकून बसत. मासा लागेपर्यंत बोलत. भांडण होत नसे. तीन वर्षांत त्यांनी गोठा बांधला, कोंबड्या पाळल्या, आणि हे सगळं रोंडाच्या यंत्रात साठवलेलं होतं.

"नवीन घेतलास तर शेत जाईल," ग्लेंडा फोनवर म्हणाली. "अर्धं माझं आहे ते. दुरुस्त कर मुकाट्याने."

दुरुस्ती म्हणजे कुणीतरी तो उघडणार, आणि रोंडाला तेच नको होतं. वायर काढताना त्याच्या जाळीतून एक झुरळ बाहेर आलं होतं. पाठोपाठ आणखी दोन. खालच्या मजल्यावरचे भाडेकरू गेल्यापासून झुरळं पाइपांतून वर चढत होती. घरमालक फोन उचलत नव्हता. झुरळांना ऊब लागते, आणि त्या घरात सगळ्यांत उबदार जागा कन्सोलचं पोट ही होती. रोंडाने कधीच लोकांना घरी बोलावणं बंद केलं होतं. ज्या बाईच्या स्वयंपाकघराला तपासणीत दरवर्षी जिल्ह्यात सर्वाधिक गुण मिळतात, तिच्या घरात झुरळं आहेत, हे तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

त्यातच पानगळीच्या दिवसांत एक प्रकार झाला होता. क्रिस्टल ही नवी मुलगी, नोकरी अजून कच्ची. तिच्या कोटातून एक झुरळ फरशीवर पडलं. रोंडाने सगळ्यांदेखत सांगितलं, "उद्यापासून कोट गाडीत ठेवायचा. इथे मुलं जेवतात." तेव्हा रोंडाच्या घरी पहिली झुरळं येऊन महिना झाला होता.

यंत्र हवाबंद करून कडक थंडीत ठेवलं तर आतली झुरळं मरतात, असं तिने इंटरनेटवर वाचलं. घरच्या फ्रीजच्या वरच्या खणात ते मावेना. शाळेतली फ्रीझरची खोली मात्र माणूस आत फिरेल एवढी. शुक्रवारी सगळ्या गेल्यावर तिने कन्सोल दोन पारदर्शक पिशव्यांत घालून टेप लावला, गोठवलेल्या फिश स्टिक्सच्या रिकाम्या खोक्यात बसवला आणि खोकं खालच्या फळीवर मागे सरकवलं. तिच्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

सोमवारी मालाचा ट्रक येतो. रोंडा तासभर आधी पोहोचणार होती, पण वाटेतल्या रेल्वे फाटकावर कोळशाची मालगाडी अडकली. ती आली तेव्हा टॅमी जुना माल पुढे ओढत होती, आणि ते खोकं टेबलावर उघडं होतं. पिशवीच्या तळाशी गोठलेली झुरळं.

"हे कुठल्या वारच्या जेवणात आहे?" ट्रकवाल्याने विचारलं.

टॅमीला हसू आलं नाही. तिने क्रिस्टलकडे पाहिलं. "तुझा बॉयफ्रेंड दिवसभर हेच खेळतो ना गं?"

"आमचा नाहीये तो."

"मग कुणाचा? मिस रोंडाचा? झुरळं, आणि तिच्या घरात?"

यावर सगळ्या खळखळून हसल्या. ट्रकवालाही हसला. आणि रोंडा हसली.

"माझ्या खोलीत ठेवा ते," ती म्हणाली. "मी बघते."

दुपारची जेवणं उरकली. त्या दिवशी क्रिस्टलजवळ कुणी उभं राहिलं नाही. कच्च्या नोकरीतल्या माणसाला काढायला शाळांच्या जिल्हा कार्यालयाला कारणही द्यावं लागत नाही, हे क्रिस्टलला ठाऊक होतं आणि रोंडालाही. ट्रे धुऊन झाल्यावर रोंडाने टॅमीला कोठीत बोलावलं.

"तो कन्सोल माझा आहे."

टॅमी पिठाच्या पोत्यावर बसली. "झुरळांपायी नवीन घेणार होतीस? वेडे, व्हर्ननकडे येणारं दर दुसरं मशीन तसलंच असतं. तो पोर्चवरच उघडतो ती. मला विचारायचंस तरी." मग ती थांबली. "क्रिस्टलला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला आधी काय सांगतेस?"

क्रिस्टल गाडीत बसली होती, काच वर. रोंडाने काचेवर टकटक केली. जे सांगायचं ते उभ्यानेच, पाल्हाळ न लावता सांगितलं : यंत्र आपलं, झुरळं आपल्या घरची, कार्यालयाला आता फोन करून तसंच सांगणार. कोटाच्या वेळी आपण बोललो तेही चुकलंच.

क्रिस्टलने काच अर्धी खाली केली होती. "कोटाचं तुम्ही बरोबरच बोललात, मिस रोंडा. होतं माझ्या कोटात झुरळ," ती म्हणाली. "आजचं काय ते बोला. टॅमीने विचारलं तेव्हा तुम्ही हसलात."

"हो."

"माझ्याकडे बघून हसलात."

क्रिस्टलने गाडी सुरू केली. गाडी मागे घेताना रोंडाला बाजूला व्हावं लागलं. मग ती आत गेली आणि कार्यालयाचा नंबर लावला.