मुद्दा क्रमांक तीन आणि गाडीतला वास

ताई गाडीत बसली, दार लावलं, आणि मनात दहा म्हणायच्या आत दार उघडून पुन्हा खाली उतरली. उतरली म्हणजे काय, सासरच्या अंगणातल्या कर्दळीच्या वाफ्यापर्यंत जेमतेम पोचली. सकाळचा चहा आणि डॉक्टरीणबाईंची गोळी, सगळं कर्दळीला मिळालं. तोंड पुसत ती आमच्या वडिलांना म्हणाली, "अण्णा, गाडीत गोठा बांधलाय का हो?"

ताईला सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. या रिवाजाविषयी माझं मत वेगळं आहे आणि त्याचं वेगळं पत्रकही निघेल. पण ताई घरी यावी असं मलाही वाटत होतंच, उगीच खोटं कशाला बोलू? म्हणून मार्चमधल्या त्या रविवारी मी आणि अण्णा तिला आणायला देवळाली प्रवऱ्याला गेलो होतो. अण्णा गाडी चालवत आणि मी शेजारी बसून खड्ड्यांचा निषेध करत.

ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, गाडीत डोकं घातलं आणि पदर नाकाला लावूनच बाहेर काढलं.

"आगं बया! इवाई, तुमी पोरगी न्यायला आला का म्हस?"

अण्णा नुसते हसले. वाईट वाटलं की अण्णा हसतात.

"मोटर चालूच हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पाईप लावते न् आतून-भायेरून धुऊन देते. आमच्याकडं पान्याला काय तोटा न्हाई."

आता मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. "पाइप लावून गाडी धुणं म्हणजे..."

"ठावं हाय, ठावं हाय. तुजं पत्रक हाय की आमच्या घरात. लोनच्याच्या बरणीखाली घातलंय. लई चांगला कागद हाय बाई, तेल पितो."

त्यांची जमीन कालव्याखाली. सगळीकडे ऊस, बांधावरसुद्धा चिखल. आमचं गाव नगर तालुक्यात, हिवरे बाजारपासून फार लांब नाही. पण हिवरे बाजारला लोक पाणी बघायला येतात आणि आमच्याकडे पाणी टँकरनं येतं. हा फरक त्या घरात कुणी उघड बोलत नाही. फक्त आमच्याकडचा पाहुणा तिथं गेला की तांब्या काठोकाठ भरून देतात.

प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हलवायचं तर आठ दिवसांत हलवा, नंतर लांबचा प्रवास नको. एसटीचे धक्के नकोत. सासरी माल वाहायची पिकअप आणि दाजींची मोटारसायकल, एवढंच. भाड्याची गाडी त्याच आठवड्यात दवाखान्यात जायला आणली होती, तर तिच्यात पुढं गुलाबाच्या अत्तराची बाटली. ताई जाताना एकदा ओकली आणि येताना एकदा. तेव्हा तिला हवी होती वासच नसलेली गाडी. वाईट नको आणि चांगलाही नको.

"पुढल्या ऐतवारी येतो," अण्णा म्हणाले.

"या की. पन तेवढा वास घरी ठिवून या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, आमी करू हितंच बाळंतपन."

त्या चेष्टेनंच बोलल्या, पण बोलल्या.

घरी आई दारात उभी होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा. तिनं आठ दिवसांपासून आतली खोली सारवून, खाट टाकून, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. गाडी थांबली तशी तिनं मागच्या सीटकडं पाहिलं. मग पुढं पाहिलं, मी होते. मग पुन्हा मागं पाहिलं.

"पोरगी कुठाय?"

अण्णांनी सांगितलं. भाकरतुकडा पाटीखालच्या कोंबड्यांना गेला आणि तांब्या रांजणावर. संध्याकाळी बघते तर आई ती सगळी दुपटी पुन्हा घड्या घालत बसली होती. घड्या आधीच घातलेल्या होत्या.

मी ठरवलं, या वासाचा सोक्षमोक्ष लावायचा.

रोज बसणाऱ्याला वास कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. नाकाला मुद्दाम कामाला लावल्यावर मात्र तो सापडला. वरचा थर कुबट, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा. त्याच्या खाली काहीतरी आंबलेलं. हे आलं कुठून? गाडी दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली तेव्हा फक्त उदबत्तीचा वास होता. मी माझ्या पद्धतीनं चौकशी सुरू केली.

"आई, बाजारातून येताना ताक सांडलं होतं का?"

"मी ताक इकत आनते का? घरात तीन गाया हायेत."

"अण्णा, कुणाला लिफ्ट दिली होती? बकरं वगैरे?"

"पुढारीणबाई," अण्णा म्हणाले. घरात मला हेच म्हणतात. "बकरं चांगल्या जातीचं असतं तर त्याला म्या पुढं बसवलं असतं. तुला मागं."

चौकशीत सहकार्य मिळालं नाही, अशी नोंद मी घेतली.

सोमवारी अण्णांनी नगरहून मोगऱ्याच्या वासाची डबी आणली. मंगळवारी शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून कापूर. बुधवारी त्याच काकू म्हणाल्या, कांदा अर्धा कापून ठेव, सगळा वास वढून घेतो. नगरच्या माणसाचा देवानंतर कांद्यावरच भरवसा. बुधवारी रात्रीपर्यंत गाडीत मोगरा होता, कापूर होता, कांदा होता आणि खाली तो मूळचा होताच, जसाच्या तसा. वासावर वास टाकणं म्हणजे कोरड्या नळाला नवा रंग देणं. मी हे वाक्य वहीत लिहूनही ठेवलं.

पण एक गोष्ट मला समजेना. वास कमी होत नव्हता हे एक वेळ ठीक. तो रोज थोडा वाढत होता.

गुरुवारी मी पहाटे उठले. धारा होऊन गेल्या होत्या. गाडीवरची ताडपत्री काढलेली, मागचं दार उघडं, आणि त्यातून अण्णांचे नुसते पाय बाहेर. शेजारी बादली. अण्णा गुडघ्यावर बसून फडक्यानं गाडीतलं खालचं कार्पेट घासत होते. इतकं मन लावून मी त्यांना देव पुसतानासुद्धा पाहिलेलं नाही.

मी बादलीत पाहिलं. पाणी पांढरट होतं.

"अण्णा, हे कसलं पाणी?"

"किटल्या इसळल्याचं."

आमच्याकडं दुधाच्या कॅनला किटली म्हणतात. अण्णा रोज दोन वेळा मोटारसायकलला किटल्या अडकवून डेअरीवर दूध घालून येतात, आल्यावर त्या विसळतात.

"दुधाच्या धुवणानं गाडी पुसताय?"

"मंग? चांगलं पानी कशाला नासायचं?" अण्णा बाहेर आले. समोरच्या काचेवर ऊन आडवायची जी झापड असते, तिच्यामागून त्यांनी घडी घातलेला पिवळा कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "तूच सांगितलंय की. तिसरा मुद्दा."

ते माझंच पत्रक होतं. पाणी वाचवा, गाव वाचवा. मुद्दा क्रमांक तीन: 'घरातील भांडी विसळल्याचे पाणी फेकून न देता वाहने पुसण्यासाठी वापरावे.' खाली मोठ्या अक्षरात: 'पाइप लावून गाडी धुणाऱ्यांनो, तुमच्या अंगणात वाहते ते दुसऱ्याच्या तोंडचे पाणी!' हे पत्रक मी गावात घरोघर दिलं होतं. सरपंचांनी वाचलं नाही, तलाठ्यांनी त्यात भेळ खाल्ली, शाळेत मुलांनी विमानं केली. अख्ख्या पंचक्रोशीत ते शब्दन् शब्द पाळणारा माणूस एकच निघाला आणि तो आमच्याच घरात होता.

"कधीपासून?"

"पत्रक छापल्यापून. आठवड्याला एकदा पुसायचो. ह्या ऐतवारपून दोन्ही टायमाला पुसतोय. म्हनलं, पोरगी येनार, स्वच्छ पायजे."

दर आठवड्याला दुधाचं पाणी गालिच्यात, त्याच्या खालच्या जाड नमद्याच्या थरात, वर रबरी मॅट, काचा बंद, आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर ताडपत्री. दही लावायचं असतं तरी कुणी एवढा बंदोबस्त केला नसता.

आई गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आली. तिनं बादली पाहिली, पत्रक पाहिलं, माझं तोंड पाहिलं. पाटी खाली ठेवली आणि चौथऱ्यावर बसून हसायला लागली. रविवारनंतर ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी चिडले नाही. थोडीच चिडले.

"आहो, किटली म्या झाकन लावून ठिवते का कदी?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"न्हाई."

"काय करते?"

"गरम पान्यानं धुती, न् पालथी घालती. उनात."

"झाकन?"

"बाजूला."

"मंग गाडीला कशापायी झाकन लावून ठिवता? वल्ली ती वल्ली, वर ताडपत्री!" मग माझ्याकडं वळून, "आन् तू गं, एवढं शिकली, दुधाच्या घरात जल्मली. दूध आंबतं हे छापायचं ऱ्हायलं व्हय?"

यावर माझ्याकडं उत्तर होतं. ते असं, की पत्रक सर्वसाधारण नागरिकांसाठी होतं, दुग्धव्यावसायिकांचा स्वतंत्र विचार त्यात केलेला नव्हता. ते मी दिलं नाही.

शुक्रवारी सीटांचे बोल्ट काढले. कार्पेट उपसलं. खालचा नमदा निघाला तेव्हा अण्णासुद्धा दोन पावलं मागं सरले. कडेनं हिरवी बुरशी, मधे पिवळट खपल्या. हे राखेनं, उन्हानं जाणार नव्हतं. आधी गरम पाण्यानं धुवायला हवं होतं, पुष्कळ गरम आणि स्वच्छ पाण्यानं. टँकर बुधवारी येऊन गेला होता. टाकी भरलेली होती.

आणि अण्णा अडून बसले.

"चांगलं पानी न्हाई वतायचं. लोकं काय म्हनतील? पत्रक वाटनाऱ्याच्या घरी..."

"अण्णा, वाटणारी मी आहे. मी सांगते, ओता."

"आज वता म्हनशील, उद्या पुन्हा छापशील."

"आहो वता की!" आई आतून ओरडली. "बंबात पानी उकळून ऱ्हायलंय!"

शेवटी आमची तडजोड झाली. धुण्याचं पाणी जमिनीत वाया जाणार नाही, उतारावर चर खणून ते थेट हत्तीघासाला जाईल. चर मी खणला. हाताला फोड आले ते मी कुणाला दाखवले नाहीत. आईनं बंबातलं कढत पाणी ओतलं, अण्णांनी काथ्यानं घासलं, मी पुन्हा ओतलं. तिसऱ्या पाण्याला ते स्वच्छ वाहायला लागलं. मी मोजलं नाही. मोजलं असतं तर मला स्वतःच्याच विरोधात पत्रक काढावं लागलं असतं.

वाळवायला जागा आईनंच सांगितली. उन्हाळी कांदा अजून रानात होता, त्यामुळं कांद्याची चाळ रिकामी होती. कांदा सडू नये म्हणून चाळीला खालून, बाजूनं, सगळीकडनं वारा फिरेल अशा फटी ठेवतात. त्या फळ्यांवर गालिचा आणि नमदा पसरला. गाडी चारही दारं आणि डिकी उघडून उन्हात लावली, आत ताटलीभर चुलीतले कोरडे कोळसे. मोगऱ्याची डबी मी लांब फेकली. ती कोंबड्यांनी आणून पुन्हा अंगणात टाकली. शनिवारी संध्याकाळी नमदा कडकडीत वाळला, पापडासारखा वाजत होता. रात्री आम्ही तिघांनी आळीपाळीनं गाडीत डोकं घालून हुंगलं. काही आलं नाही. पण आमच्या नाकांवर आता कुणाचाच विश्वास नव्हता.

रविवारी विहीणबाई अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी चारही दारांतून आळीपाळीनं डोकं घातलं. मॅट उचलून पाहिली. कलिंगड निवडावं तशी सीट थोपटली.

"न्हाई येत," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा हुंगून, "जरा कांद्याच्या चाळीसारखं येतंय."

"तो येईल," मी म्हणाले. "तो नगरचा आहे."

"पाईप लावला व्हता ना पन?"

"नाही. बादलीनं. आणि पाणी गवताला गेलं."

"बरं बाई, गवताला तर गवताला," त्या म्हणाल्या, आणि हसून ताईची पिशवी स्वतः मागं ठेवली.

ताई बसली. दार लावलं. अण्णांनी किल्ली फिरवली नाही, तसेच धरून बसले. मी आरशातून बघत होते. ताईनं नाक वर केलं, डोळे मिटले, एक श्वास घेतला. दुसरा घेतला.

"चला की," ती म्हणाली. "मुहूर्त बघताय का?"

राहुरी मागं पडली तेव्हा ती झोपली होती. विळद घाटात अण्णांनी गाडी इतकी हळू घेतली की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून आमचा उद्धार करत होते. एरवी अण्णा खाली उतरून उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी काच वर केली, आणि मग लगेच, काहीतरी आठवल्यासारखी, पुन्हा चार बोटं खाली केली.

गावात शिरलो तशी ताई जागी झाली आणि नाक फेंदारलं.

"गोठा," ती म्हणाली.

"गाडीत?" अण्णांनी कचकन ब्रेक दाबला.

"नाही हो. खरा. आपला." तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. "बाहेरचा चालतो."

आई दारात होती. तिनं मागच्या सीटकडं पाहिलं आणि या वेळी पुढं बघितलंच नाही. भाकरतुकडा ताईवरून तीनदा ओवाळून टाकला आणि तांब्याभर पाणी तिच्या पायांवर घातलं. चांगलं, स्वच्छ, टाकीतलं. ते ओटा ओलांडून नुसतंच मातीत गेलं. चर नव्हता, गवत नव्हतं, काही नव्हतं.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं.

मी गाडीकडं वळले आणि चारही दारं उघडून ठेवली.