धाकटीचा मोकळा रस्ता

धाकट्या बहिणीला सायकल मी शिकवली, आमच्या गावी तलवाड्यात, शाळेच्या मैदानावर. ती इतकी भित्री की दहावीपर्यंत तिनं एकटीनं कधी सायकल काढली नाही.

आता ती लंडनला असते आणि रोज सायकलनं कामावर जाते. एकदा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं तेव्हा सकाळ होती. तिनं रस्ता दाखवला. सायकलींसाठी वेगळी पट्टी, तिच्यावरून कोटातली माणसं, पिकल्या केसांच्या बाया निवांत चाललेल्या.

"गाड्या कुठं गेल्या गं?" मी विचारलं.

"शहराच्या मध्यात कार आणायची तर पैसे भरावे लागतात, आक्का. आधी लोकांनी लई आरडाओरडा केला म्हणे. मग कुणी बस धरली, कुणी सायकल. आमचे साहेबसुद्धा सायकलनंच येतात."

"छान," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तिचा हेवा वाटला. मी बीडला शिक्षिका. बारा वर्षं सायकलनं शाळेत गेले. मग बसस्टँडजवळ एका जीपनं मला नालीत ढकललं, तेव्हापासून रिक्षा. हिंमत माझी होती आणि रस्ता मिळाला तिला.

दिवाळीत ती आली. माझ्या नवऱ्यासमोरच म्हणाली, "सायकल सोडलीस कावून, आक्का? मी तर रोज जाते."

"चल मग," मी म्हणाले.

जिन्याखालची माझी सायकल पुसली, तिच्यासाठी शेजाऱ्यांची मागून आणली. बसस्टँडपाशी एसटी वळत होती, रिक्षा उलट्या बाजूनं घुसत होत्या, मागं एक जीप हॉर्नवरचा हात काढत नव्हती. मी वाट काढत कोर्टापर्यंत गेले. वळून पाहिलं, तर ती केळीच्या गाड्याला चिकटून उभी. सायकल हातात, चेहरा पांढराफटक.

मला लगेच माघारी जायला हवं होतं. मी गेले नाही. जरा वेळ तिच्याकडं बघत उभी राहिले आणि मला बरं वाटलं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जवळ गेल्यावर ती म्हणाली, "तू रोज यातून जायचीस?"

"रोज."

तिनं माझा हात घट्ट धरला. तरी आठ दिवसांनी ती विमानात बसली, तेव्हा तिच्या त्या पट्टीचा हेवा माझ्यापाशी होता तसाच होता.

हल्ली रविवारी उजाडताना मी सायकल काढते. तासभर रस्ता रिकामा असतो. पहिली जीप दिसली की परत फिरते.