ओढ्यापर्यंत बॅले, ओढ्यानंतर जिम्नॅस्टिक्स

ऑगस्टमधला दुसरा शनिवार, १९६७. सकाळचे साडेदहा. ठिकाण : भाजे गाव, कुसुमच्या घराची ओटी.

हजर : कुसुम, वय अकरा, दोन्ही घोट्यांना बांबूच्या कामट्या आणि हळदीच्या लेपाची पट्टी. तिची आई पारूबाई. पट्टी बांधणारे कामशेतचे हाडवैद्य, ज्यांना सगळे आबा म्हणतात. लोणावळ्याच्या फ्रेनीबाई, हातात छत्री. आणि मी, लोणावळ्यातल्या मुलींच्या शाळेची पी.टी. टीचर, हातात वही.

गैरहजर : कुसुमचे वडील. मळवली स्टेशनवर पॉइंट्समन. ड्यूटीवर.

जिल्हा स्पर्धा पुढच्या गुरुवारी होती. पट्टी आदल्या दिवशी बांधली होती आणि ती सात दिवस सोडायची नाही, असा आबांचा हुकूम होता. कुसुमच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं.

हे कसं झालं ते क्रमाने सांगते.

कुसुम मळवलीहून पॅसेंजरने शाळेला यायची. पाचवीत असताना मी तिला बीमवर चढवलं. बीम म्हणजे चार इंच रुंदीची उंचावर बसवलेली लाकडी पट्टी. तिच्यावर चालायचं, वळायचं, उडी मारायची आणि न पडता खाली यायचं. आमचा बीम रेल्वेच्या टाकाऊ स्लीपरमधून कापून, रंधून घेतला होता. तो खऱ्या बीमच्या निम्माच लांब होता. त्यामुळे आमच्या मुली कुठल्याही बीमवर गेल्या तरी मध्यावर आल्या की थबकत. कुसुमचा तोल मात्र पक्का होता. भाताच्या बांधांवरून रोज ये-जा करणाऱ्या मुलीला चार इंच म्हणजे हमरस्ताच.

गॅदरिंगला फ्रेनीबाई पाहुण्या म्हणून आल्या. लहानपणी मुंबईत एका रशियन बाईंकडे बॅले शिकलेल्या, नवरा रिटायर झाल्यावर लोणावळ्यात बंगला घेऊन राहिलेल्या. त्यांनी कुसुमला पाहिलं आणि बक्षीस समारंभ अर्धा टाकून स्टेजमागे आल्या.

"ही डिकरी मला द्या," त्या म्हणाल्या. "हिचे पाय बॅलेचे आहेत."

"पाय शाळेचे आहेत," मी म्हणाले.

शेवटी वाटणी झाली. सोमवार, बुधवार माझ्याकडे. मंगळवार, गुरुवार बंगल्याच्या व्हरांड्यात, कठड्याला धरून बॅले. पारूबाईंना विचारायला मीच गेले होते.

"करा काय करायचं त्ये," त्या म्हणाल्या. "पर पोरगी लंगडत घरी आली की त्या दिशी दोन्ही बंद. आन सातवीचं बी मग बघू. रोपं लावायला मला हात पायजेतच."

मी वहीत लिहून घेतलं : अट एक, लंगडणे नाही. सोपी अट वाटली.

अडचण दुसरीकडून आली. बॅलेत टर्न-आउट असतो. म्हणजे मांडीपासून पाय बाहेर फिरवायचा, चवडे दोन बाजूंना. माझ्याकडे उडीनंतर पावलं समोर आणि जुळलेली लागतात, नाही तर परीक्षक मार्क कापतात. दोन महिन्यांत कुसुम माझ्याकडे बदकासारखी उतरू लागली आणि फ्रेनीबाईंकडे सावधानमध्ये उभी राहू लागली.

फ्रेनीबाई शाळेत आल्या. "तुम्ही मुलीचा खांदा बघितला? एकदम हमाल केला."

"आणि तुम्ही पावलांचं दहा वाजून दहा मिनिटं केलंय."

हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, दोघींनी मिळून वेळापत्रक करा. वेळापत्रक माझ्या आवडीचा विषय. आठवड्याचे चौकोन आखले. सगळे भरले. तरीही मळवली स्टेशन ते भाजे हा पंचवीस मिनिटांचा रस्ता उरला. मुलगी रोज दोनदा तो रस्ता नुसती चालत होती. मला रिकामा चौकोन बघवत नाही.

रस्त्याच्या मध्यावर ओढा आहे. मी ठरवलं : स्टेशन ते ओढा, बॅलेची चाल, चवडे बाहेर. ओढा ते घर, जिम्नॅस्टिक्सची चाल, पावलं सरळ, टाचा वर, हात कमरेवर. जाताना उलट. दोघींनी सह्या केल्या.

कुसुमने कागद नीट वाचला.

"बाई, वड्यात मधी एक दगड हाय. त्याच्यावर कुणाचं करू?"

"बॅलेचं," फ्रेनीबाई म्हणाल्या.

"दगड म्हणजे तोल. जिम्नॅस्टिक्सचं," मी म्हणाले. दहा मिनिटं आमचं त्यावर चाललं. मग शाळेची घंटा झाली आणि दगड तसाच राहिला.

कुसुम आज्ञाधारक. तिने पाचही दिवस कागदाप्रमाणे चाल केली. रोपं लावणाऱ्या बायका शेतातून बघत होत्या. त्यांनी पारूबाईंना विचारलं, "पोरीला काय झालंय गं? वड्यापातूर फेंगडी चालती, आन वडा उतरली की टाच टेकीत न्हाई."

पारूबाईंनी कुसुमला विचारलं. ती म्हणाली, काही दुखत नाही, बाईंनीच असं चालायला सांगितलंय. पण लंगडली तर सगळं बंद, ही अट कुसुमलाही ठाऊक होती. त्यामुळे ती जितक्यांदा नाही म्हणाली तितकी आईची खात्री वाढली. शुक्रवारी कामशेतहून आबा आले. त्यांनी घोटे दाबले, डोळे मिटले, आणि दोन्हीकडे शीर चढली आहे असं सांगितलं.

शनिवारी शाळेत कुसुम नाही आणि निरोप मात्र आला. म्हणून आम्ही दोघी ओटीवर.

मी वही उघडून वेळापत्रक वाचून दाखवलं. पारूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी रस्त्यानं असं चालायचं तुमीच शिकवलं?"

"हो."

"आन त्याला इद्या म्हंत्यात?"

"ताई, हा बॅले आहे," फ्रेनीबाई म्हणाल्या. "मोठमोठे लोक तिकीट काढून बघतात."

"लंगडी पोर बघाया तिकीट?"

आबा सुपारी कातरत म्हणाले, "बाई, तुमचं शाळंत. हाड माझं. माजी पट्टी सात दिसाच्या आत आजवर कुणी सोडल्याली न्हाई."

"आबा, गुरुवारी तिची स्पर्धा आहे."

"शुक्रवारी ठिवा."

पारूबाई उठल्या. "मला एकच सांगा. ही चाल धडधाकट माणसाची हाय, व्हय ना? मंग दावा चालून. तुमी दोघी. ह्यो बांध, त्या आंब्यापातूर."

फ्रेनीबाईंचं वय तेव्हा त्रेसष्ट. त्यांनी छत्री आबांच्या हातात दिली, कॅनव्हासचे बूट काढले, फ्रॉकला दोन बोटांनी धरलं, आणि चवडे बाहेर करून त्या शेवाळलेल्या बांधावरून आंब्यापर्यंत गेल्या. तिथे अर्धी गिरकी घेतली आणि परत आल्या. शेतातल्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या.

मग माझी पाळी. मी बेचाळीस वर्षांची. पदर खोचला. वही कुसुमकडे दिली. टाचा वर, हात कमरेवर, नजर समोर. हे मी हजार मुलींना सांगितलं असेल. सातव्या पावलाला बांध संपला. निदान माझ्या पायाखालचा तरी. मी पारूबाईंच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात बसले, आणि बसताना नव्याने लावलेली बरीचशी रोपं बरोबर नेली.

उठवलं तेव्हा उजवा पाय टेकवेना.

पारूबाईंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आबा, पोरगी न्हाई लंगडत. बाई लंगडती."

आबांनी माझा घोटा दाबला, डोळे मिटले. शीर चढली होती. ह्या वेळी मी त्यांच्याशी सहमत होते. लेप नव्याने वाटायला वेळ नव्हता. त्यांनी कुसुमच्या दोन्ही पायांच्या पट्ट्या उलगडल्या आणि माझ्या एका पायाला बांधल्या.

"सात दिसात सुटायची न्हाई," ते म्हणाले. "पट्टी तीच हाय. पाय तेवढा बदलला." त्यांचा शब्द राहिला.

पारूबाईंनी मला वही उघडायला लावली आणि अटी सांगितल्या. एक : स्टेशन ते घर हा रस्ता कोणाचाच नाही, पोरगी माणसासारखी चालणार. दोन : लावणीच्या दिवसांत दोन्ही क्लास बंद. तीन : मोडलेला वाफा दोघी बायांनी स्वतःच्या हातांनी लावून द्यायचा, यंदा नाही तर पुढच्या साली.

"माझा पाय कुठे लागला रोपांना?" फ्रेनीबाई म्हणाल्या.

"तुमी तिला चालू दिलं," पारूबाई म्हणाल्या.

आम्ही निघताना पारूबाईंनी कुसुमला विचारलं, "आन मधल्या दगडावर काय करीत व्हतीस गं?"

"तितं माझंच करीत व्हते," कुसुम म्हणाली.

गुरुवारी आम्ही पुण्याला गेलो. मी काठी टेकत, हळदीचा वास घेऊन. कुसुम बीमवर चढली. पूर्ण लांबीचा बीम ती पहिल्यांदाच बघत होती. मध्यापर्यंत ती डौलात गेली, हात फ्रेनीबाईंचे. मध्यावर सवयीप्रमाणे थबकली. मी डोळे मिटणार होते. ती एका पायावर उभी राहिली, दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे, मान कलती, जणू पाण्यात काहीतरी बघतेय. हे आम्ही दोघींनी कधीच शिकवलं नव्हतं. परीक्षकांची पेन्सिल थांबली. मग ती पुढचं अर्धं माझ्या पद्धतीने चालली आणि उतरली. पावलं समोर, जुळलेली.

दुसरा नंबर आला. पहिल्या नंबरच्या मुलीच्या शाळेत पूर्ण बीम होता.

"दगडावरचं माझं होतं," फ्रेनीबाई म्हणाल्या. गाडीत मळवलीपर्यंत आम्ही त्यावर वाद घातला. कुसुम खिडकीशी झोपली होती.

तेव्हापासून मी वेळापत्रकात एक चौकोन कोरा सोडते. फार त्रास होतो, पण सोडते. कुसुम आता मॅट्रिकच्या वर्गात आहे. दोन्ही चालू आहे.

पारूबाईंच्या अटींपैकी एक आणि दोन पाळल्या, म्हणून वहीत खोडल्या आहेत. तीन राहिली आहे. एका जुलैत माझं इन्स्पेक्शन होतं, एका जुलैत फ्रेनीबाईंचा गुडघा, त्यानंतर आम्ही कारणं द्यायचंही सोडलं. पारूबाई दरवर्षी तो वाफा सगळ्यात शेवटी लावतात, आणि त्याआधी कुसुमबरोबर विचारून पाठवतात : बाया येणार हायत का?